बाळकृष्णाचा अंजिरी अंगरखा

देवाचे कपडे मापात कसे घ्यावेत, हे विचारायला नात्यातली माणसं अजून माझ्याकडे येतात. कुणाच्या घरी नवा बाळकृष्ण येतो, कुणाची सून हौसेने शिवायला बसते आणि मला फोन येतो. मी सगळं नीट सांगतो. रांगत्या बाळकृष्णाचा गुडघा जमिनीला टेकलेला असतो, म्हणून पुढची लांबी मागच्यापेक्षा कमी धरायची. उजव्या हातात लोण्याचा गोळा असतो आणि तो हात उचललेला असतो, म्हणून उजवी बाही आखूड आणि घेराला मोठी. मान वर असते, तेव्हा गळा मागून जरा खोल. नाड्या पाठीवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, देवाच्या अंगावरचे जुने कपडे पूर्ण उतरवून मगच माप घ्यायचं.

"हे तुम्ही कुठे शिकलात?" असं कुणी विचारलं की मी चहाचं विचारतो. इतकी वर्षं असाच विषय बदलत आलो. आता ज्यांच्यासमोर मान खाली गेली असती त्यांतलं कुणी उरलेलं नाही, तेव्हा लिहून टाकतो. आमच्या घरात एका बाईच्या नावावर एक चूक कायमची लागली. ती चूक तिची नव्हती, माझी होती.

आमचं घर श्रीवर्धनला. पुढे रस्ता, मागे सुपारीची वाडी. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. मुंबईला नोकरी लागेपर्यंत वाडीवर लक्ष ठेवायचं आणि सकाळी देवाची पूजा करायची, एवढंच माझ्याकडे होतं. मोठा भाऊ मुंबईत होता. त्याचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं आणि तिकडे खोली मिळेपर्यंत वहिनी आमच्याकडे राहत होती.

पूजा माझ्याकडे आली ती वडिलांचे गुडघे धरले म्हणून. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. पाटावर मांडी घालणं अगदीच जमेना तेव्हा त्यांनी मला बोलावून सांगितलं, "गंध वाकडं लागलं तरी चालेल. फूल कमी पडलं तरी चालेल. पण बाळकृष्णाला रोज कपडे उतरवून, हातात घेऊन न्हाऊ घालायचं. तो लहान आहे. त्याला स्वतःचं स्वतः करता येत नाही."

एरवी अण्णा असं बोलत नसत. मी मान डोलावली आणि सुरुवातीला तसं केलंही. पितळेची ती मूर्ती मुठीत मावेल एवढीच. ताम्हनात ठेवून पाणी घातलं की पाठीवरून खाली ओघळायचं, पायांच्या बोटांशी थेंब थांबायचे. पण पाठीवरच्या त्या बारीक नाड्या ओल्या हातांनी सुटत नसत, सुटल्या की पुन्हा बसत नसत. मला कंटाळा आला. मग मी फुलाने अंगरख्यावरच पाणी शिंपडू लागलो. देवघरात सोवळ्यात असलेल्या पुरुषाशिवाय कुणी यायचं नाही असा आमच्याकडे नियम होता. अण्णा पडवीत आरामखुर्चीत. कोण बघतंय?

वहिनी मात्र देवघराच्या उंबऱ्यापर्यंत रोज येत असे. ती माणगावच्या पलीकडच्या एका खेड्यातली. घरची भातशेती, माणसं थोडी, आणि सोवळ्याओवळ्याचं प्रस्थ आमच्याएवढं नाही. लग्न होऊन येईपर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता. यावरून शेजारच्या काकू तिला फार चिडवत. "काय गो, भरतीला पाणी आत शिरलं तर काय करशील?" वहिनी म्हणे, "तुमच्या माडावर चढेन, काकू. आधी तुम्हांला चढवीन." काकूंचा देह विहिरीच्या रहाटाला जुंपावा असा होता, त्यामुळे हे ऐकून आई तोंडाला पदर लावून हसायची.

फुलांची परडी उंबऱ्यावर ठेवताना वहिनी आत डोकवायची आणि देवाकडे बघत उभी राहायची. एकदा मी विचारलं, "काय बघतेस एवढं?"

"माहेरी देव मीच न्हाऊ घालत असे, भावोजी," ती म्हणाली. "आमचे देव लहान. एक अन्नपूर्णा आणि एक बाळकृष्ण. वडील शेतावर जायचे पहाटे, म्हणून ते माझ्याकडेच. इथे नुसतं लांबून बघायचं."

तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. पण पुढे जे झालं ते समजायला हे ठाऊक असायला हवं.

बाळकृष्णाला वर्षातून एकदा नवे कपडे. गोकुळाष्टमीला रात्री जन्म झाला की आमच्याकडे देवाला लगेच नटवत नाहीत. नुकत्या जन्मलेल्या पोराला कुणी जरीचं घालतं का? त्या एका रात्री त्याला अण्णांच्या धुवट, मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून पाळण्यात ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गोपाळकाल्याला, नवा अंगरखा घालायचा. तो वर्षभर. आदल्या वर्षीचा अंगरखा ज्या घरी बाळ यायचं असेल तिथे जायचा. आणि आणखी एक नियम होता. देवाच्या अंगाला एकदा लागलेलं कापड पुन्हा कातरीखाली जात नाही. म्हणजे घालून बघणं नाही, उसवणं नाही, आत घेणं नाही. जे शिवलं ते पहिल्या खेपेलाच बसलं पाहिजे. नाहीतर देव वर्षभर तसाच.

हे कपडे आई शिवायची. त्या वर्षी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सुईत दोरा ओवायला तिला दारात जाऊन उभं राहावं लागे. श्रावण लागला तेव्हा तिने वहिनीला विचारलं, "तू शिवशील का गो या खेपेला?"

वहिनीने उत्तर द्यायच्या आधी हात पदराला पुसले. ते मला अजून दिसतं. जणू कापड आत्ताच हातात येणार होतं.

कापड तिने स्वतःचंच काढलं. लग्नात माहेरहून ओटीत आलेला खण, अंजिरी रंगाचा, जरीच्या काठाचा, घडीही न मोडलेला. आई म्हणाली, "अगो, तो तुला चोळीला ठेव. आपण साधं पिवळं रेशीम आणू." वहिनी म्हणाली, "चोळी काय, कशाचीही होते."

काकूंना कळलंच. "भात लावणारे हात," त्या म्हणाल्या, "देवाला जरीचं शिवणार. बघू हो, बघू."

"या की बघायला," वहिनी म्हणाली. "काल्याला पोहे घेऊन या. गेल्या वेळी तुमचे कमी पडले होते."

राहिलं माप. ते घ्यायचं मी, कारण देवाला हात लावणारा मीच. तिने मला पांढरा दोरा दिला आणि उंबऱ्याबाहेर बसून समजावून सांगितलं. छाती जिथे भरेल तिथे एक गाठ, मानेपासून गुडघ्यापर्यंत जिथे येईल तिथे दोन, दंडाला तीन. "आणि भावोजी, अंगावरचं सगळं उतरवून घ्या हो. आतली पैरणही."

"हो, हो," मी म्हणालो.

बाहेर माझा मित्र नवी सायकल घेऊन आला होता आणि फाटकाशी घंटी वाजवत होता. समुद्राच्या कडेने वाळू घट्ट होती तोवर चालवून बघायची असं ठरलं होतं. मी दोरा घेतला आणि देवाच्या अंगावर होतं त्याच्यावरूनच फिरवला. आत सुती पैरण, त्यावर आईने अस्तर लावून शिवलेला गेल्या वर्षीचा अंगरखा, काठाला जाड गोटा, वरून उपरणं, त्याची पोटाशी गाठ. मी त्या गाठीवरूनही दोरा नेला. गाठी मारल्या आणि दोरा उंबऱ्यावर टाकून पळालो.

वहिनीने पुढचे दिवस दुपारी ओटीवर बसून शिवलं. टाका एवढा बारीक की आई बोट फिरवून बघायची, कारण डोळ्यांना दिसत नसे. जरीचा काठ तिने खालच्या कडेला घेतला होता. तो देवाच्या गुडघ्यावर बरोबर चमकावा, अशी तिची योजना होती. शिवणीला माया सोडली ती वेगळी.

गोपाळकाल्याच्या सकाळी अण्णा खुर्ची देवघरासमोर ओढून बसले. आई पाटावर, वहिनी उंबऱ्याशी, काकू पोह्यांचं पातेलं मांडीवर घेऊन. मी पाळण्यातून देव उचलला, न्हाऊ घातला, पुसला आणि अंगरखा चढवला. उजवा हात बाहीत घातला तेव्हाच मला कळलं. हात आत गेला तो लोण्यासकट नाहीसा झाला. गळ्यातून एक खांदा बाहेर आला. पुढचा काठ गुडघ्याखाली जाऊन मूर्तीच्या खालीच अडकला. मी नाड्या आवळल्या, तर पाठीवर कापडाची मोट झाली.

मी बाजूला झालो. मग अण्णा म्हणाले, "लोणी कुठे गेलं?"

काकूंना हसू आवरेना. "अहो, झोळीत बसलाय तो! यशोदेने बाजाराला नेलाय जणू!"

आई म्हणाली, "वाढत्या अंगाचं शिवलंय." आणि तीही हसली, अण्णाही हसले. कुणाच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. वहिनी मात्र देवाकडे बघत होती. ती कापडाकडे बघतच नव्हती. त्या लपलेल्या हाताकडे बघत होती.

आईच्या ते लक्षात आलं असावं. ती मला म्हणाली, "अरे, माप नीट घेतलं होतंस ना?"

"घेतलं होतं."

"दोरा आहे का गो?"

वहिनीने डब्यातून दोरा आणून उंबऱ्यावर ठेवला. तिने तो जपून ठेवला होता. "आत ने," आई मला म्हणाली, "आणि ताडून बघ. मापातच चूक असेल तर हिचा काय दोष?"

मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. देव उघडा करायचीही गरज नव्हती. दोरा अंगरख्याच्या आतून सहज फिरला. जिथे दोरा भरायला हवा होता तिथून गाठ चांगली दोन बोटं पुढे होती.

आता खरं सांगायचं तर "मी कपड्यांवरून माप घेतलं" म्हणायला हवं होतं. अण्णांनी लगेच विचारलं असतं, रोज न्हाऊ घालताना कपडे उतरवतोस ना, मग माप घ्यायला काय झालं? आणि मग सगळंच उघडं पडलं असतं. तो लहान आहे म्हणून त्यांनी माझ्या हवाली केला होता आणि मी त्याला महिनाभर कोरडाच ठेवला होता.

"काय रे?" अण्णांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "दोरा तंतोतंत बसतोय."

माझ्या हातात देव होता आणि मी हे म्हणालो.

मागून वहिनीचा आवाज आला. "मग कापतानाच माझं चुकलं. मला वाटलंच होतं."

तिला तसं वाटलेलं नव्हतं. मला ठाऊक आहे, कारण शिवताना तिने तीनतीनदा दोरा लावून बघितलेला मी पाहिला होता. पण आत बसलेला माणूस बरोबर आहे म्हणतो, तर बाहेरच्या माणसाने काय समजायचं? आत येऊन बघायची तिला सोय नव्हती. काकूंनी पोह्यांत दही घातलं, काला वाटला गेला आणि विषय संपला.

इथे कुणाला वाटेल की ते वर्ष वाईट गेलं. तसं नाही. मी आजवर जी वर्षं जगलो त्यांतलं ते चांगल्या वर्षांपैकी एक. त्या दिवसापासून मी देवाला खरोखर न्हाऊ घालू लागलो. भीतीने सुरुवात झाली, पण हळूहळू हाताला सवय लागली, नाड्या सुटू लागल्या, बसू लागल्या. वहिनी उंबऱ्याबाहेरून सांगायची, "मागे दोनदा गुंडाळा, भावोजी. उजवी बाही वर सरकवून आत दुमडा. हां, आता लोणी दिसतंय." मी दुमडायचो, ती मान तिरकी करून बघायची. कधी म्हणायची, "आज बरा दिसतो," कधी म्हणायची, "आज अगदी धाकट्याने थोरल्याचे कपडे घातलेत." वाडीतला आमचा गडी दारातून हात जोडताना एकदा म्हणाला, "द्येव यंदा अंगानं सुकलाय जनू." आईने त्याला सांगितलं, "अरे, तो आहे तेवढाच आहे. अंगरखा वाढलाय." रोज सकाळी त्या अंगरख्यापायी आमच्याकडे थोडं हसणं व्हायचं. अण्णा पडवीतून विचारायचे, "निघालं का लोणी?"

त्या हसण्यात वहिनीही असायची. म्हणूनच मला सांगणं दिवसेंदिवस कठीण होत गेलं. जखम दिसली असती तर कदाचित बोललो असतो.

पुढच्या श्रावणात आईने तिला पुन्हा विचारलं. वहिनी म्हणाली, "नको, सासूबाई. भावोजी चार दिवस मुंबईला निघालेत, तिथे देवाचे तयार कपडे मिळतात म्हणे. त्यांनाच आणू दे. पुन्हा वर्षभर त्याला तसं ठेवायचं नको." एवढं सांगून ती ताक करायला गेली.

मुंबईला जाण्यापूर्वी मी देव पूर्ण उघडा करून माप घेतलं. भुलेश्वरला देवांच्या कपड्यांची दुकानं ओळीने होती. एका दुकानात बसलेल्या म्हाताऱ्या गुजराती शेटजींनी विचारलं, "ठाकोरजी केटला नंबरना?" मला नंबर कुठला ठाऊक? मी दोरा पुढे केला. त्यांनी तो बोटांवर ताणून बघितला आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"वाघा उतारीने माप लीधुं छे ने?"

मला कळलं नाही असं वाटून ते मराठीत म्हणाले, "कपडा काढून माप घेतला ना? सगळा लोक वरून माप आणते. मग म्हणते, शेठ, ढिला झाला. अरे, शेठ काय करणार? तू ठाकोरजीला नाय मोजला, तू त्याच्या कपड्याला मोजला."

"काढून घेतलंय," मी म्हणालो. माझे कान तापले होते. घरात कुणाला न सुचलेली गोष्ट त्यांनी दोरा बघता बघता सांगितली होती. त्यांनी चार अंगरखे समोर टाकले. मी प्रत्येकाची उजवी बाही बघितली, पुढची लांबी बघितली, गळ्यात बोट घालून बघितलं. एक पिवळा निवडला.

तो असा बसला की जणू देवाच्या अंगावरच विणला होता. गुडघा दिसत होता, लोणी दिसत होतं. आई जवळ जाऊन बघत म्हणाली, "याला नजर आहे हो." अण्णा समाधानाने हसले. काकूंनी अंजिरी अंगरखा मागून घेतला, त्यांच्या मुलीला दिवस गेले होते. आणि वहिनी उंबऱ्यावरून म्हणाली, "भावोजी, अगदी अंगासरसं आणलंत." तिला मनापासून आनंद झाला होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हापासून ते काम माझं झालं. दर श्रावणात भुलेश्वर. पुढे नात्यातले लोकही मला मापं पाठवू लागले. वहिनीला मुंबईत खोली काही मिळाली नाही. ती श्रीवर्धनलाच राहिली आणि घरातल्या सगळ्यांचं शिवत राहिली. माझ्या मुलीची कुंची, टोपडी, परकर, सगळं तिच्या हातचं आणि सगळं मापात. तरी कुणीतरी म्हणायचंच, "देवाचं तेवढं हुकलं हिचं." ती म्हणायची, "हुकलं खरं."

साठ सालानंतर अण्णा गेले. तोवर मलाही नोकरी लागली होती, आम्ही दोघे भाऊ मुंबईत, आई थकलेली. सोवळ्याचे नियम कुणी मोडले नाहीत, ते पाळणारं माणूसच उरलं नाही, आणि पूजा आपोआप वहिनीकडे आली. एका दिवाळीत मी गेलो तेव्हा ती देवघरात पाटावर बसली होती. देव तिच्या तळहातावर होता. अंगठ्याने ती त्याची पाठ चोळत होती, कानामागचं तेल काढत होती. मी पुष्कळ वर्षं ते काम केलं होतं, पण कानामागे बोट घालायचं मला कधी सुचलं नव्हतं. मी उंबऱ्याबाहेर बसलो. आमच्या जागा बदलल्या होत्या आणि मला फार बरं वाटत होतं.

मी म्हणालो, "वहिनी, आता देव तुझ्याच हातात आहे. अंगरखा तूच शिव की."

"नको हो," ती म्हणाली. "बाकी कुणाचंही शिवीन. या देवाचं माप मला कधी कळलंच नाही."

"वहिनी, ते माप..." मी सुरुवात केली.

तिने हसून हात हलवला. "जाऊ द्या हो, भावोजी. किती वर्षांची गोष्ट. त्याने तेव्हाच चालवून घेतलं."

आणि मी गप्प बसलो. त्या वेळी मला वाटलं, तिने मला सोडलं. परतताना सबंध वाटेत मी तेच मनाशी म्हणत होतो. ती माझी चूक सोडून देत नव्हती, स्वतःची देत होती, हे मला फार उशिरा उमगलं. माझी चूक तिला ठाऊकच नव्हती. तिच्यापुढे देव होता, हातात सुई धरायचं बळ होतं, आणि माझ्या एका वाक्यापायी ती त्याच्यासाठी कापडाला कातर लावायला धजत नव्हती. ते वाक्य मागे घ्यायला पुढची कितीतरी वर्षं मला मिळाली. प्रत्येक सणाला मी गेलो, तिच्या हातचं जेवलो, देवासाठी मापाचे कपडे नेले. बोललो नाही. मग ती गेली.

म्हणून आता म्हणतो, जे तेव्हा उंबऱ्यापाशी बसून म्हणायला हवं होतं. वहिनी, तू दोऱ्याबरहुकूम कापलंस. दोराच खोटा होता. मी तो कपड्यांवरून फिरवला, आणि आईने ताडायला सांगितलं तेव्हा चूक दिसत असून बरोबर आहे म्हणालो. तुला माप कळत होतं. मला माफ कर.